बिनदाराची खोली

खोली मिळाली, पण तिला दार नव्हतं.

नर्सरीवाल्याने ती रोपांच्या वाफ्यांमागे, पाण्याच्या टाकीशेजारी नेऊन दाखवली. इतकी वर्षं तिथे खताच्या गोणी आणि फवारणीचे पंप पडलेले असत. भिंती विटांच्या, वर पत्रा, एका बाजूला गजांची खिडकी. चौकट दगडी होती, ती जागची हलली नव्हती. दार मात्र वाळवीने असं फस्त केलं होतं की बिजागऱ्यांना लाकडाचे दोन तुकडे तेवढे लोंबत होते.

"हवा बघ कशी खेळती आहे," नर्सरीवाला म्हणाला. त्याला विनोद करायला फार आवडे, आणि जिथे खर्च अंगावर येण्याची भीती असे तिथे तर जास्तच.

"आणि दार?" तिने विचारलं.

"दार तू बसव. आठवड्यातला एक दिवस खोलीचा. सहा दिवस काम कर, पाचाची मजुरी घे. दार बसवलंस तर पहिले दोन महिने मी काही कापणार नाही. पण दार मग इथलंच झालं हं, जाताना उचलून न्यायचं नाही."

तिने मान डोलावली. घासाघीस करायला तिच्याकडे वेळ नव्हता. हातात आठ दिवस होते.

गावात तिला सगळे सुताराची सून म्हणत. नवऱ्याचं घर सोडून पाच महिने झाले होते, पण एकदा पडलेलं नाव बदलायचा गावाला कंटाळा असतो. नवरा मालाची गाडी चालवायचा, महिन्यातले वीस दिवस बाहेर. दोघांचं कधी कडाक्याचं भांडण झालं नाही. बोलणं आटत गेलं, आणि आटलेलं पुन्हा कुणी भरलं नाही. एक दिवस तो म्हणाला, "तुझं तू बघ." तिने ते शब्दशः घेतलं आणि ट्रंक उचलून भावाकडे आली.

लेक मात्र मागे राहिली. सात वर्षांची पोर, दिवसभर तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत असायची म्हणून घरात सगळे तिला भुंगी म्हणत. दोन्हीकडची माणसं भावाच्या अंगणात बसली तेव्हा नवरा म्हणाला, पोरीला शहरात माझ्या बहिणीकडे ठेवतो. भाऊ खाली बघत राहिला. शेवटी म्हातारा सुतार, तिचा सासरा, एकच वाक्य बोलला. "शाळा सुरू व्हायच्या आत हिने आतून कडी लागेल अशी खोली केली तर नात हिच्याकडे. नाही केली तर शहरात. माझी नात उघड्या दाराच्या घरात झोपणार नाही." एवढं बोलून तो उठला आणि काठी टेकत चालू लागला. तेव्हापासून तिने खोल्या धुंडाळल्या. एकाने सहा महिन्यांचं भाडं एकदम मागितलं. एका बाईने घरात पुरुषमाणूस कोण असं विचारलं आणि कोणी नाही म्हटल्यावर खोली परवाच दिली म्हणाली. ती खोली आजही रिकामीच होती, रोज कामावर जाताना दिसायची.

आता खोली होती. दार तेवढं हवं होतं.

चौकटीचं माप घ्यायला तिने रोपांच्या जुड्या बांधायची कोरी सुती दोरी घेतली. उंचीला एक गाठ मारली, रुंदीला दुसरी. दोरीची गुंडाळी करून कमरेला खोचली आणि ती कामाला लागली. दिवसभर पिशव्या भरायच्या होत्या. काळी पिशवी, दोन ओंजळी माती, एक ओंजळ खत, बोटाने भोक पाडून रोप, मग अंगठ्यांनी दाबायचं. शेकड्यावर मजुरी. तिची बोटं इतकी सरावली होती की डोक्यात दुसरंच काही चालू असलं तरी हात चुकत नसत. दुपारी पाण्याचा पाइप सांध्यातून निसटला. तिने धावत जाऊन तो धरला आणि कमरेपासून खाली चिंब झाली. बाकीच्या बायका हसल्या, तीही हसली.

संध्याकाळी भावाच्या घरी तिने ओली दोरी चुलीशेजारच्या खिळ्याला टांगली.

"ताई, तिथे नको," वहिनी म्हणाली. "माझी फडकी असतात तिथे."

"सकाळी काढते."

वहिनी वाईट नव्हती. तिच्या स्वयंपाकघराचा एक कोपरा पाच महिने दुसरीच्या अंथरुणाने अडला होता, एवढंच. आधी ट्रंकेवर पिठाचा डबा आला, मग डब्यावर परात, मग परातीत लसणाची टोपली. आता साडी काढायची तर आधी विचारावं लागे आणि मग सगळं उतरवावं लागे. गेल्या आठवड्यापासून तिने ते सोडून दिलं होतं. दोनच साड्या आलटून पालटून नेसत होती.

सकाळी दोरी खडखडीत वाळली होती.

बाजाराच्या गावातल्या सुताराने नव्या दाराचा जो आकडा सांगितला तो ऐकून तिने त्याला दुसऱ्यांदा विचारलंही नाही. राहिला एकच सुतार. त्याच्याकडे जायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ठरवलेलं सगळं पाळायला माणसाकडे थोडा पैसा असावा लागतो.

सासऱ्याचं दुकान घरापासून वेगळं, रस्त्याच्या कडेला होतं. बारा वर्षं तिने तिथे करवतीचं दुसरं टोक धरलं होतं. कानशीने कडा गुळगुळीत केल्या होत्या, फळ्यांना तेल पाजलं होतं. आज ती उंबरठ्याबाहेर उभी राहिली. तो लाकडी उंबरठा मधोमध झिजून खोलगट झाला होता. त्यात तिच्या पायांचाही वाटा होता.

म्हाताऱ्याने रंध्यावरून मान वर केली. तिला बघून त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"काय काम आहे, बाई?"

हा माणूस तिला बारा वर्षं 'पोरी' म्हणत आला होता. तिला वाटलं होतं तो रागावेल, निदान टोचून बोलेल. तो गिऱ्हाइकाशी बोलावं तसा बोलला, आणि तेच जास्त लागलं.

"दार हवंय. चौकट दगडी आहे, फक्त दार," ती म्हणाली. "नवं परवडणार नाही. मागे ते जुनं उभं आहे ना, ते मापात बसवून द्या. मजुरी काय ते सांगा."

मागच्या भिंतीला घराचं जुनं दार टेकवून ठेवलं होतं. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी घराला लोखंडी दार बसवलं तेव्हा ते काढलेलं. जुन्या जाड फळ्यांचं, दर वर्षी तिने तेल पाजलेलं.

"माप?"

तिने दोरी पुढे केली. "ही गाठ उंचीची, ही रुंदीची."

म्हाताऱ्याने दोरी घेतली, बोटांत फिरवली. काहीतरी विचारावं म्हणून त्याचे ओठ हलले. तिनेही काही सांगावं म्हणून श्वास घेतला. पण मग त्याने दोरी खिळ्याला अडकवली आणि ती रस्त्याकडे वळली.

"रविवारी सकाळी," तो पाठीमागून म्हणाला.

आतल्या बाजूने गुणगुण ऐकू आली. भुंगी भुश्शात बसून लाकडाच्या ढलप्या रचत होती. आईला बघून ती धावत आली, कमरेला बिलगली आणि म्हणाली, "आई, तुझ्या अंगाला मातीचा वास येतोय."

"आता रोजच येणार."

"मला आवडतो," भुंगी म्हणाली आणि पुन्हा ढलप्यांकडे पळाली.

रविवारी तिने नर्सरीतली हातगाडी मागून घेतली. दार चढवायला म्हाताऱ्याने एका बाजूने हात दिला, पण गाडी तिनेच ओढली. म्हातारा हत्यारांची पिशवी घेऊन दहा पावलं मागून येत होता, जणू रस्ता एक असला तरी कामं वेगळी होती. वाटेत लोक बघत होते. कुणी विचारलं नाही, आणि तिने कुणाकडे बघितलंही नाही.

आदल्या दिवशी तिने खोली तीनदा धुतली होती. खताचा वास अजून होता, पण आता तो कोपऱ्यात जाऊन बसला होता. म्हाताऱ्याने काही न बोलता बिजागऱ्या ठोकल्या. कडीचा दांडा लांब होता, भुंगीच्याही हाताला येईल असा; वरच्या दगडात त्यासाठी जुनं भोक होतं, त्याच्याशी बरोबर जुळेल असं दार टांगलं. कडी वर सरकवली. ती खाडकन बसली. तो आवाज ऐकून तिचा जीव भांड्यात पडला.

मग दोघांनी एकदमच खाली बघितलं.

दाराखाली फट होती. चांगली रुंद, पलीकडचं ऊन आत येत होतं.

म्हातारा वाकला. त्याने दोन बोटं आडवी धरून फटीत घातली. अगदी बरोबर दोन बोटं.

"कापताना मी गाठीवरच कापलंय," तो हळू म्हणाला.

"मीही गाठ बरोबरच मारली होती."

"दोरी कसली होती?"

"सुती."

"कोरी?"

"कोरी."

"भिजली होती?"

पाइप, चिंब झालेली साडी, चुलीशेजारचा खिळा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "भिजली होती," ती म्हणाली.

"कोरी सुती दोरी भिजून वाळली की आखडते. रुंदीतली कसर चौकटीच्या खाचेत झाकली गेली, उंचीतली उघडी पडली. मी तुला काय शिकवलं होतं?"

"माप काठीवर घ्यायचं."

"मग?"

"तुम्ही विचारलं नाहीत, आबा."

"तू बोलली नाहीस."

दोघेही फटीकडे बघत राहिले. त्या दिवशी दुकानात एक वाक्य जास्त बोललं गेलं असतं तर दार पुरलं असतं. बारा वर्षांत दोघांनी मिळून एवढं साधं माप कधी चुकवलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. नवरा आला होता, पुढे पेट्रोलच्या टाकीवर भुंगी, मागे भुंगीच्या कपड्यांची पिशवी बांधलेली. पिशवी कुठे जाणार हे अजून ठरायचं होतं. त्याला संध्याकाळी गाडी घेऊन शहराकडे निघायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुरू होणार होत्या.

त्याने खोली बघितली. कडी लावून बघितली, काढून बघितली. मग उकिडवा बसला आणि दाराखालून पंजा आत सारला. पंजा मनगटापर्यंत गेला.

"आबा, हात जातोय," तो म्हणाला.

"दिसतंय मला."

"चहूकडे ओली माती, पलीकडे पाण्याची टाकी. रात्री काय काय येईल इथून आत. शब्द तुमचाच होता."

तो मोठ्याने बोलला नाही. तो खरं बोलत होता. तिने सासऱ्याकडे बघितलं. म्हातारा हत्यारं पिशवीत भरत होता. एकेक पटाशी पुसून, फडक्यात गुंडाळून. तिला वाटलं, संपलं.

"रविवार दिवस मावळेपर्यंत असतो," म्हातारा म्हणाला. त्याने कोपऱ्यातली एक बारीक काठी उचलली. ती चौकटीच्या तळाशी आडवी धरली, कानावरची पेन्सिल काढून दोन खुणा केल्या. मग काठी उभी धरून फटीची तिसरी खूण केली. हातगाडी घेऊन तो चालू लागला.

"आबा कुठे चाललेत?" नवऱ्याने विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. आणि खरंच तिला माहीत नव्हतं.

दुपार लांबत गेली. भुंगी वाफ्यांमधून फिरत रोपं मोजत होती. सत्तरनंतर तिला आकडे येत नव्हते, म्हणून ती पुन्हा एकपासून सुरू करी. नवरा टाकीच्या सावलीत बसला होता. तिने त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला. पाहुण्याला देतात तसा, हात लांब करून.

"शहरात शाळा चांगली आहे," तो म्हणाला.

"असेल."

"मी काही तिला पळवून नेत नाहीये."

"मी कुठे तसं म्हटलं?" ती थोडी थांबली. "तुमच्या बहिणीकडे ती झोपणार कुठे?"

"पोरांच्यात. बाहेरच्या खोलीत."

"बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू असतो. येणारे-जाणारे तिथूनच जातात. आतून कडी आहे तिथे?"

त्याने तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ पाणी पीत राहिला. एवढं पाणी त्या तांब्यात नव्हतं.

ऊन तिरपं झालं तेव्हा हातगाडीचा आवाज आला. भुंगी आधी धावली. गाडीत सिमेंटची अर्धी पिशवी होती, आणि गोणपाटात गुंडाळलेलं एक जाड लाकूड. म्हाताऱ्याने गोणपाट सोडलं. तो दुकानाचा उंबरठा होता. त्याने तो उचकटून, दोन्हीकडून कापून, झिजलेली बाजू खाली करून आणला होता. वरची बाजू नुकतीच रंधलेली, आतून लालसर, कोरी निघाली होती.

"अहो आबा, दुकान?" ती म्हणाली.

"दुकानात मी एकटा असतो. मला काय उंबरठा आणि काय नाही. साप आला तर लाकूडच खाईल." तो नर्सरीवाल्यासारखा विनोद करायला बघत होता. त्याला तो जमत नव्हता.

मग कामाला सुरुवात झाली. तिने वाळू-सिमेंट कालवलं. इतक्या वर्षांची सवय होती, त्याने काही मागायच्या आत वस्तू त्याच्या हातात जात होती. हातोडा. पाचर. ओलं फडकं. दोघांत फार बोलणं झालं नाही, पण हे गप्प राहणं दुकानातल्या त्या दिवसासारखं नव्हतं. खालचा खोलगटपणा सिमेंटने भरून निघाला. उंबरठा चौकटीच्या दोन दगडांमध्ये घासत घासत बसला. म्हाताऱ्याने दार लावून बघितलं, ते एका कोपऱ्यात किंचित अडलं. त्याने रंधा फिरवला, एकदाच. पातळ साल निघाली ती भुंगीने उचलून बोटाला गुंडाळली.

दार बंद झालं. खालून ऊन येईना.

"आता आत जा दोघी," म्हातारा म्हणाला. "ओलांडून जा. सिमेंट ओलं आहे, सकाळपर्यंत पाय द्यायचा नाही. आतून कडी लाव, पोरी."

'पोरी' ऐकून तिने डोळे दिसू नयेत म्हणून मान खाली घातली. भुंगीचा हात धरून ती उंबरठा ओलांडून आत गेली. दार लोटलं. कडी वर सरकवली. खाडकन आवाज झाला.

बाहेरून म्हाताऱ्याचा आवाज आला. तो मुलाशी बोलत होता. "ढकल."

"काय?"

"दार ढकल. तुझी खात्री व्हायला पाहिजे ना?"

दारावर खांदा लागला. फळ्या करकरल्या, पण दार जागचं हललं नाही.

"नीट ढकल. पोर तुझी आहे. उद्या म्हणशील आबांनी तोंडदेखलं करून घेतलं."

या वेळी धक्का जोरात आला. पत्र्यावरची धूळ खाली पडली. भुंगीची गुणगुण थांबली आणि ती आईला चिकटली. दार हललं नाही. तिसऱ्यांदा कुणी ढकललं नाही. बाहेर कुणीतरी मोटरसायकलवरची दोरी सोडत होतं, मग दाराबाहेर जमिनीवर काहीतरी मऊ ठेवल्याचा आवाज आला. भुंगीच्या कपड्यांची पिशवी होती ती, हे तिला न बघता कळलं.

आणि मग दारावर टकटक झाली.

बारा वर्षं सासरी आणि पाच महिने भावाच्या स्वयंपाकघरात, तिच्या दारावर कुणी टकटक केली नव्हती. कारण दार कधी तिचं नव्हतंच. माणसं येत, जात, अंथरुण ओलांडत, ट्रंकेवर टोपल्या ठेवत.

"कोण आहे?" भुंगीने ओरडून विचारलं.

"मी," नवऱ्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "मी आणि आजोबा. येऊ का आत?"

भुंगीने आईकडे बघितलं. "उघडू?"

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. तिने पदराने कपाळ पुसलं. चार भिंती, खिडकीचे गज, कोपऱ्यात ट्रंकेसाठी झाडून ठेवलेली जागा, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली. बाहेरचे थांबून होते.

"उघड," ती म्हणाली. "आणि सांग त्यांना, उंबरठा ओला आहे. सांभाळून या."